बिरवाडीतल्या विंचूदंशाच्या नोंदी

१९७६च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा कोकणात लाल विंचू चावणं म्हणजे जिवाशीच गाठ. ओकाऱ्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि शेवटी फुप्फुसांत पाणी. पाठ्यपुस्तकांत यावर फारसं काही नव्हतं.

त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या बारीक नोंदी ठेवल्या. त्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोचल्या. मग पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एम.डी. करून ते महाड परिसरातच परतले. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर भयंकर ताण येतो, हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वापरलं. सुमारे ४० टक्क्यांवर असलेला मृत्युदर १ टक्क्याच्या आसपास आला. २०११ साली प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रोगी लवकर सावरतो, हेही त्यांनी रीतसर चाचणी करून दाखवलं.

अशी निरीक्षणाची नजर घडवायची संधी शिक्षणातच असते. एम.डी.साठी प्रबंध सक्तीचा आहे, पण पुष्कळदा तो केवळ सोपस्कार म्हणून उरकला जातो, आणि ती संधी वाया जाते, हे नुकसान मोठं आहे.

त्याआधीच्या टप्प्यावरही अशी संधी आहे: एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ साली दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती सुरू केली. त्यात प्रश्न विद्यार्थ्यानेच निवडायचा, नैतिकता समितीची परवानगी मिळवायची, रोग्याची संमती घ्यायची आणि हाती जे येईल, मग ते अपेक्षेच्या उलट असलं तरी, अहवालात लिहायचं.