अथेन्सचे चौघे

घरांतील तरुण मंडळींनीं रॉक संगीत लावलें कीं माजघरांतून ‘तो गोंगाट बंद करा’ अशी हाक येते, हें आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचें असेल. आम्ही स्वतः हाक मारणाऱ्यांच्या पक्षाचे. परंतु अमेरिकेंतील ‘आर्. ई. एम्.’ या वाद्यवृंदाची हकीकत समजल्यापासून आमच्या मतांत थोडा फरक पडला आहे. आणि त्याचें कारण संगीताइतकेंच त्या मंडळींचें परस्परांशीं वागणें हें होय.

अमेरिकेच्या दक्षिणेस जॉर्जिया संस्थानांत अथेन्स हें विद्यापीठाचें गांव आहे. तेथील ध्वनिमुद्रिकांच्या एका दुकानांत पीटर बक नोकरीस होता. तेथेंच मायकेल स्टाइपशीं त्याची ओळख झाली. माइक मिल्स व बिल बेरी हे मेकन गांवचे शाळासोबती. प्रथम त्यांचें एकमेकांशीं मुळींच पटत नसे! ता. ५ एप्रिल १९८० रोजीं एका जुन्या चर्चमध्यें, वाढदिवसाच्या मेजवानीस, हे चौघे प्रथम लोकांपुढें आले. नांव पुढें शब्दकोश चाळून काढलें.

त्यांनीं एक रीत पाडली. गाणें कोणासही सुचलेलें असो, कर्ते म्हणून चौघांचीं नांवें लागावयाचीं व उत्पन्नाचे चार सारखे वांटे व्हावयाचे. महत्त्वाच्या गोष्टीस एकाचा जरी नकार आला तरी ती व्हावयाची नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस या रीतीची किंमत निराळी सांगावयास नको. आपल्याकडे शेवटचा शब्द बहुधा वडिलांचा असतो. येथें मात्र वडील असा कोणीच नव्हता.

रॉकमध्यें गिटारच्या सर्व तारा एकदम झोडण्याची चाल फार. बक एकेक तार सुटी छेडी. मिल्सची बेस गिटार नुसता ताल न धरतां खालून दुसरी चाल गात जाई. आणि स्टाइपचे शब्द! ते असे कांहीं तोंडांतल्या तोंडांत पुटपुटलेले असत कीं जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्यांसही उमगत नसत. १९८३ सालच्या पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रिकेचें नांवच ‘मर्मर’, म्हणजे कुजबूज. वेष्टनावर कुडझूच्या वेलीनें गिळलेलें रान आहे. ही जपानकडची वेल दक्षिणेंत झाडें, खोपटीं, सारें झांकून टाकते. शब्दही तसेच झांकलेले. मोठ्या नभोवाणी केंद्रांस हें संगीत मानवेना, तेव्हां महाविद्यालयांच्या छोट्या केंद्रांनीं तें उचलून धरलें. असल्या आडवाटेच्या संगीतास पुढें ‘आल्टर्नेटिव्ह रॉक’ म्हणूं लागले. त्या वर्षीं ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकानें मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ला मागें सारून ‘मर्मर’ला पहिला मान दिला.

१९८६ सालीं ध्वनिमुद्रणाच्या वेळीं डॉन गेहमन या निर्मात्यानें आग्रह धरिला कीं, गाणाराचे शब्द ऐकूं आले पाहिजेत. तेथून आवाज मोकळा होत गेला. पुढें बक मँडोलिन शिकूं लागला. घरीं दूरचित्रवाणी पाहतां पाहतां तारांवर बोटें फिरवीत असतां त्याच्या हातून एक चाल निघाली. तीच १९९१ चें ‘लूझिंग माय रिलिजन’. याचा अर्थ धर्म बुडाला असा नव्हे. दक्षिणेच्या बोलींत संयम सुटणें असा आहे. ठसठशीत ध्रुवपद नसलेलें हें गाणें अमेरिकेंत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलें. त्याची चित्रफीत जालंदरला जन्मलेल्या तरसेम सिंग यांनीं केली.

ता. १ मार्च १९९५ रोजीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें कार्यक्रम चालू असतां, ड्रम वाजविणारा बेरी मेंदूंतील रक्तवाहिनीच्या विकारानें अकस्मात् आजारी पडला. शस्त्रक्रियेनें तो वांचला, पुन्हा वाजवूंही लागला. पण १९९७ सालीं त्यानें निवृत्त होण्याची इच्छा सांगितली. मात्र आपण गेल्यानें वृंद मोडणार असेल तर आपण राहतों, असेंही त्यानें सांगून ठेविलें. तिघांनीं त्यास जाऊं दिलें. तीन पायांचा कुत्रा झाला तरी कुत्राच, त्याला धांवणें तेवढें नव्यानें शिकावें लागतें, अशा अर्थाचें कांहीं स्टाइप त्या वेळीं बोलला. १९९८ च्या ‘अप’मध्यें ठिकठिकाणीं यांत्रिक ताल आला. आम्हांस त्या गाण्यांत एक रिकामें आसन ऐकूं येतें.

तिघांनीं आणखी तेरा वर्षें निभावलें आणि ता. २१ सप्टेंबर २०११ रोजीं भांडण-तंटा न करितां वृंद विसर्जित केला. त्यानंतर मोठमोठीं आमिषें आलीं असतील, पण ते एकत्र आले नाहींत. जून २०२४ मध्यें न्यूयॉर्क येथें गीतकारांच्या सन्मानाच्या समारंभांत मात्र बेरीसुद्धां चौघे उभे राहिले, व एकच गाणें गाऊन खालीं उतरले. तें मँडोलिनचेंच होतें.