विरामचिन्हांचे महत्त्व

बोलताना आपण मध्येच थांबतो, आवाज चढवितो, उतरवितो. त्यामुळे ऐकणाऱ्याला आपला भाव कळतो. लेखनात आवाज नसतो. त्याचे काम विरामचिन्हे करतात.

जुन्या मोडी पत्रांत अशी चिन्हे नसत. ओळीची रेघ आधी आखून तिच्याखाली अक्षरे लिहीत; वाक्य कोठे संपले, हे वाचणाऱ्यानेच ओळखायचे. इंग्रजीतील विरामचिन्हे मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांच्याकडे जाते. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० साली प्रसिद्ध झाले.

ही चिन्हे दिसायला क्षुल्लक. पण त्यांच्यावाचून अनर्थही ओढवतो. नदीला पूर आला असता पैलतीरावरील मित्राला कोणी चिठ्ठीत विचारले, ‘पूल सुरक्षित आहे?’ येथे प्रश्नचिन्ह राहून गेले, तर मित्र ते आश्वासन समजेल आणि निर्धास्तपणे पुलावर पाऊल टाकील!

म्हणून मुलांनो, पत्र, निबंध किंवा संवाद लिहून झाला, की तो एकदा मोठ्याने वाचा. जेथे किंचित थांबाल तेथे स्वल्पविराम, विधान पुरे होईल तेथे पूर्णविराम आणि बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द येतील तेथे अवतरणचिन्हे आहेत ना, हे पाहा.