शाळा घरी, पण डोळ्यांना हवे आभाळ

मूल शाळेत जात नाही म्हणून ते उन्हावाऱ्यात वाढतेच, असे नाही. घरीच शिकणाऱ्याचा दिवसही मोबाइलपुढे सरतो. दिवसाच्या उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन स्रवते. त्याने नेत्रगोल लांबट होण्याला आळा बसतो, असे मानतात. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांसाठी रोज दोन तास बाहेर, असा आग्रह धरला. चष्मा लागणे त्याने लांबते; लागलेला नंबर मात्र उतरत नाही.

पण अकोल्याच्या मे महिन्यात हे दोन तास काढायचे कधी? सकाळी नऊच्या आत. शाळेची घंटा नसल्याचा फायदा इथेच. नाहीतर बिऱ्हाड हलवावे चिखलदऱ्याला. सुमारे ११०० मीटर उंची, अकोल्यापेक्षा पाचेक अंश गार. सोबत थर्मामीटर न्यावा, घाट चढताना आकडे मुलांनीच टिपावेत.