युद्धलूट – ९ : जनरलसाहेबांचा पाय

तोफांवरच्या कोरीव लेखांबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या खेपेला. मध्येच एका वाचकाने विचारलं, शत्रूकडून पळवलेली सगळ्यात विचित्र वस्तू कोणती? असा प्रश्न आल्यावर तोफांत कोणाचं मन लागणार!

माझं उत्तर : एक पाय. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये, स्प्रिंगफील्ड इथे, राज्याचं एक छोटं लष्करी संग्रहालय आहे. मेक्सिकोचा सेनापती आणि अनेकदा राष्ट्राध्यक्ष झालेला सांता आना याचा कॉर्कचा कृत्रिम पाय तिथे ठेवलाय.

खरा पाय गेला 1838 साली. मेक्सिकोत एका फ्रेंच हलवायाच्या दुकानाची नासधूस झाली होती. अशा तक्रारी गोळा करून फ्रान्सने सहा लाख पेसोंची भरपाई मागितली आणि आरमार पाठवलं. ‘पेस्ट्री युद्ध’ म्हणतात ते हेच. वेराक्रूझला फ्रेंच तोफेच्या माऱ्यात सांता आना जखमी झाला आणि त्याचा पाय कापावा लागला. गडी असा हुशार, की 1842 मध्ये, सत्तेवर असताना, त्याने तो पाय मेक्सिको सिटीत पूर्ण लष्करी इतमामात दफन करवला. भाषणंबिषणं सगळं झालं. दोनच वर्षांत लोक खवळले, त्यांनी तो उकरून काढला आणि रस्त्यांतून फरफटवला.

कॉर्कच्या पायाचं नशीब त्यापेक्षा बरं म्हणायचं. 18 एप्रिल 1847, अमेरिका-मेक्सिको युद्धातली सेर्रो गोर्दोची लढाई. अमेरिकन फौजेतल्या कॅप्टन रॉबर्ट ली याने बगलेची वाट हुडकली आणि मेक्सिकन फौजेची फळी कोसळली. सांता आना कसाबसा निसटला, त्याची बग्गी मात्र मागेच राहिली. ती चौथ्या इलिनॉय पलटणीच्या हाती लागली. आत सोनं, भाजलेली कोंबडी आणि हा पाय. शिपायांनी सोनं जमा केलं, कोंबडी खाल्ली आणि पाय ठेवून घेतला, असं सांगतात. यातली कोंबडीच मला सगळ्यात विश्वासार्ह वाटते. उपाशी शिपाई दुसरं काय करणार?

पुढे गावी नेऊन, जत्रांमधून दहा-दहा सेंट घेऊन तो लोकांना दाखवला. 1922 साली तो राज्याकडे आला. मेक्सिकोने परत मागून पाहिला, इलिनॉयने दिला नाही. म्हणजे खऱ्या पायाची स्वकीयांनी धूळधाण केली आणि खोटा शत्रूने पाऊण शतक घरात जपून मग सरकारच्या स्वाधीन केला. ध्वज आणि तलवारी यांच्या कथांत असा उलटा न्याय मला कुठे सापडलेला नाही.

जाता जाता आणखी एक. हाच सांता आना 1860च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर परागंदा होऊन राहत होता. रबराला पर्याय म्हणून तो एक चीक विकू पाहत होता. थॉमस अ‍ॅडम्सने त्यावर खटपट केली, रबर काही झालं नाही, पण त्यातून च्युइंगगमचा धंदा उभा राहिला. तो चीक कुठल्या झाडाचा? घोलवड-डहाणूच्या वाड्यांतून जे उभं असतं, त्या चिकूच्याच झाडाचा.

तोफा पुढच्या आठवड्यात. नक्की.