पाळीव कुत्र्याचे आरोग्य आणि शाळकरी मुलांची सुरक्षितता

अर्धापूर परिसर केळीच्या बागांचा व हळदीच्या शेतांचा आहे. कुटुंबाचे राहणे गावात आणि गुरेढोरे, अवजारे व माल शेतातील आखाड्यावर, अशी अनेक शेतकऱ्यांची व्यवस्था असते. त्यामुळे राखणीसाठी कुत्रा पाळण्याची चाल येथे जुनी आहे. दिवसा आखाडा राखणारा हा प्राणी संध्याकाळी मालकामागे गावात येतो आणि अंगणात मुलांच्या खेळात सामील होतो. कुत्रा हा खंडोबाचा सोबती मानला जातो. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष महिन्यात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेत जिल्हा परिषदेच्या वतीने पशुप्रदर्शन भरते. त्यात घोड्यांबरोबर कुत्र्यांनाही मानाचे स्थान असते.

तथापि घरोघरी पाहता निराळेच चित्र दिसते. बैलास लाळ्या-खुरकुताची व घटसर्पाची लस वेळेवर टोचली जाते, परंतु त्याच गोठ्याची राखण करणारा कुत्रा पशुवैद्यकीय दवाखान्याची पायरी सहसा चढत नाही. तो उरलेल्या भाकरीवर वाढतो आणि आजारी पडल्यास आपोआप बरा होईल असे मानले जाते. या उपेक्षेची झळ केवळ कुत्र्यास लागत नाही. ती घरातील मुलांनाही लागू शकते. म्हणून हा विषय शिक्षकांच्या विचाराचा ठरतो.

रोगाचे स्वरूप

कुत्रा पिसाळणे म्हणजेच रेबीज हा विषाणूपासून होणारा रोग आहे. रोगी प्राण्याच्या लाळेत हे विषाणू असतात. चाव्यातून, नखांच्या ओरखड्यातून अथवा उघड्या जखमेवर चाटल्याने ते शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातात. या प्रवासास बहुधा दोन ते तीन महिने लागतात. क्वचित एक आठवडा, तर क्वचित एक वर्षही लागते. जखम डोक्याजवळ असेल तर हे अंतर कमी होते. लक्षणे दिसू लागल्यानंतर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. उलटपक्षी, त्यापूर्वी योग्य उपचार पूर्ण झाल्यास रोग टाळता येतो. सारा बचाव या मधल्या काळात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात या रोगाने दरवर्षी सुमारे ५९ हजार मृत्यू होतात, आणि संशयित प्राण्यांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. मुलांची उंची कमी असल्याने चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसण्याचा संभव अधिक असतो.

मूल का सांगत नाही?

याहून मोठा धोका मुलांच्या मौनाचा आहे. चावा लहान असला की मूल तो लपविते, आणि त्यास तीन कारणे असतात. पहिले, खोडी काढली म्हणून घरी मार बसेल ही भीती. दुसरे, पोटात चौदा सुया टोचतात ही आजोबा-आजींकडून ऐकलेली गोष्ट. तिसरे कारण शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे: चावणारे पिलू मुलाचे स्वतःचे, आवडते असते, आपण सांगितले तर मोठी माणसे त्याला मारून टाकतील, असे त्या बालमनास वाटते.

या तिन्ही शंकांचे निरसन वर्गात होऊ शकते. पोटातील सुयांची जुनी लस भारतात २००४ नंतर तयार होत नाही. आता दंडात ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी, अथवा त्वचेत ०, ३, ७ व २८ या दिवशी लस टोचतात. घरचा कुत्रा चावल्यास त्यास मारण्याचे कारण नाही. दहा दिवस बांधून त्याजवर लक्ष ठेवावयाचे असते. मात्र या दहा दिवसांच्या निकालाची वाट पाहत मुलाचा उपचार थांबवू नये.

लसीचा इतिहासही मुलांना सांगण्याजोगा आहे. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे लुई पाश्चर यांच्या लसीचा उपचार जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर सुरू झाला. पिसाळलेल्या कुत्र्याने त्यास अनेक ठिकाणी चावे घेतले होते. अकरा दिवसांत तेरा वेळा टोचून घेतल्यावर तो वाचला. तो आपल्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा होता. पाश्चर यांचा मृत्यू २८ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. तो दिवस आज जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

चावा झाल्यास

जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबण लावून निदान पंधरा मिनिटे धुवावी. साबणाने विषाणूंचा मोठा भाग नाहीसा होतो. हा उपाय शाळेच्या नळावरही करता येतो. जखमेत हळद, चुना, तिखट, तेल भरण्याची रीत आपल्याकडे आहे. हळदीच्या या प्रदेशात हळदीविषयीचा विश्वास स्वाभाविक आहे. परंतु येथे तिचा उपयोग नाही. जखम बांधू नये, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून टाके घालू नयेत. त्यानंतर मुलास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे. रक्त आले असल्यास जखमेभोवती निराळे रक्षक औषध, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, टोचावे लागते. त्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. मंत्र-तंत्र व झाडपाला यांत गेलेला वेळ परत मिळत नाही. पहिल्या दोन टोचण्यांनंतर बरे वाटते म्हणून उरलेल्या टाळल्या जातात; शिक्षकांनी तारखा लिहून ठेवून पालकांस आठवण द्यावी.

कुत्र्याची निगा

पिलू निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचून घ्यावी, आणि पुढे पशुवैद्यांच्या सल्ल्याने दरवर्षी तिची पुनरावृत्ती करावी. पिलांना रक्ताची हगवण लावणारा पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांच्या लसीही असतात. जंतांचे औषध वेळोवेळी द्यावे, कारण कुत्र्याच्या विष्ठेतील जंतांची अंडी मातीतून मुलांच्या हाताला व तोंडाला लागतात. कुत्र्याशी खेळून झाल्यावर हात धुण्याची सवय यासाठी आवश्यक होय. गोचीड दिसल्यास औषध आणावे. गोचिडांमुळे कुत्र्यास ताप येऊन रक्त कमी होते.

कुत्र्यास माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. म्हणून मराठवाड्याच्या वैशाखात त्यास सावली व भांडेभर स्वच्छ पाणी सतत असावे. शिजविलेली कोंबडीची हाडे फुटून त्याच्या घशात रुततात. कांदा, लसूण, द्राक्षे व चॉकलेट त्यास अपायकारक असतात. माणसांची औषधे त्यास देऊ नयेत. शेतावरील कीटकनाशके व उंदरांचे विष त्याच्या तोंडाला लागणार नाही असे उंचावर ठेवावे. रात्रंदिवस साखळीने बांधलेला कुत्रा चिडखोर होतो आणि अशाच कुत्र्याकडून मुलास इजा होते. नको असलेली पिले गावात सोडून देण्यापेक्षा वेळेवर नसबंदी करून घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

शाळेत काय करता येईल

परिसर अभ्यासाच्या एका तासात पुढील उपक्रम सहज होऊ शकतो. प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या कुत्र्याचे नाव, वय व लस टोचल्याची तारीख वहीत लिहून आणावी. ज्याची तारीख रिकामी राहील, त्याच्या पालकांस मुलाच्या हाती चिठ्ठी पाठवावी. अशी यादी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविल्यास गावात एकाच दिवशी लसीकरण करण्याची विनंती करणे सोपे जाते. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाल्यास त्या भागात रोगाचा फैलाव थांबतो, असे तज्ज्ञांचे मत आहे.

त्याच तासात मुलांना काही नियम शिकवावे: जेवणाऱ्या, झोपलेल्या व पिलांजवळच्या कुत्र्यास छेडू नये, अनोळखी कुत्रा अंगावर आल्यास पळू नये, हात अंगालगत ठेवून झाडासारखे स्थिर उभे राहावे, आणि खाली पडल्यास गुडघे पोटाशी घेऊन मान व कान हातांनी झाकावे.

सर्वांत महत्त्वाचा नियम शेवटी सांगावा. चावा असो वा ओरखडा, कुत्रा परका असो वा घरचा, त्याच दिवशी आईवडिलांस अथवा गुरुजींस सांगावे. सांगणाऱ्यास कोणी रागावणार नाही. हे आश्वासन पाळणे मात्र शिक्षकांच्या हाती आहे. ज्या वर्गात मूल निर्भयपणे आपली चूक सांगू शकते, त्या वर्गातील मुलाची जखम वेळेवर धुतली जाईल.