आपली माहिती उघडी, सरकारची फाईल बंद : खासगीपणाच्या कायद्याने काय बदलले?

रविवारची वंदना आटोपली की विहारात आम्ही तरुणांसोबत तासभर बसतो. कधी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो, कधी माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते शिकवतो. मध्यंतरी विषय निघाला खासगीपणाचा. एक मुलगा पटकन म्हणाला, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय? ज्याने चोरी केली त्याने घाबरावं." बरेच जण हसले.

मागे बसलेली एक मुलगी मात्र हसली नाही. तिच्या महाविद्यालयाने शिष्यवृत्तीची यादी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. नाव, जात, मोबाईल, आधार क्रमांक, सगळे एका कागदावर. दुसऱ्या दिवसापासून रोज सोबत डबा खाणाऱ्या दोघी वेगळ्या बाकावर बसू लागल्या. ती म्हणाली, "मी काही लपवत नव्हते. पण कोणाला सांगायचं आणि कधी सांगायचं, हे मला ठरवायचं होतं."

खासगीपणाचा हक्क म्हणजे हेच. लपवण्याचा हक्क नव्हे, ठरवण्याचा हक्क. जात विचारूनच भाड्याने खोली देणाऱ्या शहरांत आपल्या मुलामुलींना या हक्काची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. आणि नेमक्या याच हक्काच्या नावाने आलेल्या कायद्याने आपल्या हातातले एक हत्यार बोथट केले आहे. ते कसे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यायला हवे.

हक्क आला कुठून?

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारविरोधात सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सुनावणीत सरकारने भूमिका घेतली की संविधानात खासगीपणाचा मूलभूत हक्क नाही. त्यावर नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला : हा हक्क आहे, आणि तो कलम २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच सामावलेला आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर आधी तसा कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि हस्तक्षेप गरजेपुरताच हवा.

ही कल्पना परदेशातून आणलेली, सुखवस्तू लोकांची चैन आहे, असे काही जण म्हणतात. त्यांनी बाबासाहेबांचे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' उघडून पाहावे. १९४७ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार केलेल्या या निवेदनात नागरिकाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांना मनमानी झडतीपासून संरक्षण देणारी तरतूद त्यांनी सुचवली होती. संविधानाच्या अंतिम मसुद्यात ती आली नाही. पण सत्तर वर्षांनी २०१७ च्या निकालात न्यायालयाने या इतिहासाची दखल घेतली.

बाबासाहेबांना ही गरज का वाटली असेल, हे समजायला दूर जावे लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींची नोंदणी केली. जन्माने गुन्हेगार ठरवून माणसांना रोज हजेरी लावायला भाग पाडले. सोलापुरात तर त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले होते. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलिसांच्या मनातली नोंद अजून पुसली गेलेली नाही, हे कोणत्याही पारधी वस्तीत जाऊन विचारावे. कोणाची नोंद होते, ती कोणाच्या हाती असते आणि तिचे काय केले जाते, हा आपल्याकडे कायम जातीचा प्रश्न राहिला आहे.

आजही माहिती आधी गरिबाचीच घेतली जाते. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात. २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँक खाते आणि मोबाईल सिमसाठीची सक्ती काढली, पण सरकारी अनुदान व लाभांसाठी आधारची अट कायम ठेवली. म्हणजे ज्याला सरकारकडून काही नको त्याला थोडी मोकळीक आहे. ज्याला रेशन हवे, शिष्यवृत्ती हवी, निराधार पेन्शन हवी, त्याला बोटाचा ठसा द्यावाच लागतो.

नवा कायदा काय देतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. कंपनीने आपली माहिती घेताना स्पष्ट संमती घ्यावी, घेतलेली माहिती आपल्याला दाखवावी, चूक असेल तर दुरुस्त करावी, काम संपल्यावर पुसावी, असे चांगले हक्क या कायद्यात आहेत. माहिती सुरक्षित ठेवली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे नाकारण्याचे कारण नाही.

पण तीन गोष्टी खटकतात.

पहिली, जात. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यात जात-जमात आणि धर्मश्रद्धा यांना 'संवेदनशील' माहिती मानून जादा संरक्षण सुचवले होते. २०२३ च्या कायद्यात हा वर्गच नाही. म्हणजे तुमच्या ईमेलचा पत्ता आणि तुमची जात, दोन्ही कायद्याच्या लेखी एकाच तोलाची माहिती. विहारातल्या त्या मुलीला विचारा, दोन्हींचे वजन सारखे आहे का?

दुसरी, सरकारला मिळालेली सूट. अनुदान, लाभ, दाखला किंवा परवाना देण्यासाठी सरकारला ठरावीक अटींवर नव्याने संमती न घेता आपली माहिती वापरता येते. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार अधिसूचना काढून एखाद्या सरकारी यंत्रणेला या कायद्यातून पूर्णपणे वगळू शकते. आणि या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे सदस्य नेमणारही केंद्र सरकारच.

तिसरी, वेळ. नागरिकांना मिळणारे मुख्य हक्क आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने नोव्हेंबर २०२५ पासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. मात्र याच कायद्याचे कलम ४४(३) लगेच लागू केले गेले. या कलमाने माहिती अधिकार कायदा बदलला. आपले कवच दीड वर्षाने मिळणार, पण आपले हत्यार आजच काढून घेतले.

माहिती अधिकारात नेमके काय बदलले?

माहिती अधिकार कायदा, २००५ मधील कलम ८(१)(ञ), ज्याला कार्यकर्ते 'आठ-एक-जे' म्हणतात, ते वैयक्तिक माहितीबद्दल आहे. जुन्या कलमात नकार द्यायला अटी होत्या. मागितलेल्या माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसेल, अथवा ती दिल्याने कोणाच्या खासगीपणात विनाकारण ढवळाढवळ होणार असेल, तरच ती नाकारता येत होती. तेव्हाही व्यापक लोकहित असेल तर द्यावी लागे. शिवाय एक साधी कसोटी होती : जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही नागरिकाला नाकारता येणार नाही.

आता या अटी आणि ती कसोटी, दोन्ही गेल्या. कलमात उरले एवढेच, की वैयक्तिक माहिती देण्याचे बंधन नाही. आणि नव्या कायद्यात वैयक्तिक माहितीची व्याख्या इतकी रुंद आहे की ज्यावरून माणूस ओळखू येतो असे जवळपास सगळे तिच्यात बसते. ठेकेदाराचे नाव, बिलावर सही करणारा अधिकारी, लाभार्थ्यांची यादी, नोकरीसाठी दिलेला जातीचा दाखला.

नावांचे एवढे काय, असे कोणी विचारेल. त्यासाठी हा कायदा कसा जन्मला ते आठवावे लागेल. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. सरकारी कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले गेले. नावे ऐकताच लोक उठून सांगू लागले, हा तर मेला आहे, हा कामावर आलाच नव्हता, मला इतकी मजुरी मिळालीच नाही. १९९६ मध्ये ब्यावर शहरात याच मागणीसाठी ४० दिवस धरणे झाले. त्या हजेरीपटातली नावे काळ्या शाईने झाकली असती, तर एकही चोरी पकडली गेली नसती. "१२० मजूर, रक्कम अदा" एवढ्यावरून काय कळणार?

आपल्याकडे पाहा. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांसाठीच्या योजना, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना, दलित वस्ती सुधारणेची कामे, खोट्या जात दाखल्यावर बळकावलेल्या नोकऱ्या. यातला पैसा आणि जागा हक्काच्या माणसापर्यंत पोहोचल्या का, हे तपासायचे तर कधी ना कधी नावापर्यंत जावेच लागते.

सरकारचे म्हणणे असे की हा बदल पुट्टस्वामी निकालाशी सुसंगत आहे आणि लोकहिताचे कलम ८(२) अजून शाबूत आहे. दुसरा मुद्दा खरा आहे. लोकहित हे खासगीपणाच्या नुकसानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते, असे ८(२) सांगते. पण आधी नकार देणाऱ्याला कारण शोधावे लागे. आता लोकहित केवढे मोठे आहे हे पटवण्याचे ओझे प्रत्यक्षात अर्जदाराच्या डोक्यावर येणार. तालुक्याच्या कार्यालयात खेटे घालणारा एकटा कार्यकर्ता आणि टेबलापलीकडचा अधिकारी, यांत हा बदल कोणाच्या सोयीचा आहे हे सांगायला नको.

मग अर्ज कसा लिहायचा?

हताश होऊन अर्ज थांबवणे हेच सर्वात मोठे नुकसान आहे. आम्ही शिबिरांत आता या गोष्टींवर भर देतो.

एक : अर्जात कलम ४(१)(ख) चा उल्लेख करा. अनुदान योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हा तपशील कार्यालयाने कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे. ते कलम बदललेले नाही.

दोन : आधार क्रमांक, मोबाईल, बँक खाते आणि घरचा पत्ता आम्हाला नको, तो झाकून द्या, असे अर्जातच लिहा. कलम १० प्रमाणे न देण्याजोगा भाग वगळून उरलेली माहिती द्यावी लागते. शिवाय आपल्याच माणसाचा खासगीपणा आपण जपला, हेही होते.

तीन : कलम ८(२) चे नाव घेऊन लोकहित दोन-तीन वाक्यांत मांडा. "भ्रष्टाचार झाला आहे" असे मोघम नको. "या वस्तीत रस्त्याचे बिल निघाले, पण रस्ता नाही" असे नेमके लिहा.

चार : आधी आकडे मागा, मग नावे. मंजूर किती, वाटप किती, शिल्लक किती, किती अर्ज कोणत्या कारणाने फेटाळले. यात कोणाचीही वैयक्तिक माहिती नाही. आकड्यांत फट दिसली की पुढच्या अर्जाला लोकहिताचा आधार आपोआप मिळतो.

पाच : नकार आला तर ३० दिवसांत पहिले अपील कराच. तिथून पुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. नकार योग्य होता हे अपिलात सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्यावरच आहे. हेही कलम शाबूत आहे.

सुरुवात आपल्या ग्रुपपासून

सरकारला बोल लावताना आपलेही घर पाहू. बुद्धगयेच्या सहलीची यादी करायची म्हणून ग्रुपवर सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो पडतात. वधू-वर परिचयाच्या ग्रुपवर मुलींचे फोटो, पगार, घरचा पत्ता आणि मोबाईल हजारो अनोळखी माणसांपुढे जातो. त्यानंतर येणारे नको ते फोन त्या मुलीलाच झेलावे लागतात. बरे, त्या माहितीपत्रकात पोटजातीचा रकाना अजून असतो, हे धम्म स्वीकारून इतक्या वर्षांनी लाजिरवाणे आहे.

मंडळांनी एवढे तरी ठरवावे. आधार लागलेच तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे कार्ड घ्यावे. ते आधारच्या संकेतस्थळावरून मोफत काढता येते. कागद ग्रुपवर न मागता एकाच जबाबदार व्यक्तीकडे द्यावेत, आणि काम झाले की पुसून टाकावेत. मुलीचा नंबर तिच्या होकाराशिवाय पुढे पाठवू नये. आणि उलट बाजूने, मंडळाचा जमाखर्च मात्र प्रत्येक सभासदाला दिसेल असा लावावा.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी आणि गुप्त मतदानसुद्धा. ठराव सगळ्यांसमोर मांडायचा, पण एकट्या भिक्खूचे मत झाकता येईल अशी सोय ठेवायची. कारभार उघडा आणि माणूस सुरक्षित, ही आपल्या परंपरेतली जुनीच रीत आहे. आज कारभार झाकला जातो आहे आणि माणूस उघडा पडतो आहे.

त्या रविवारी बैठक संपताना त्या मुलीने स्वतःच पहिला अर्ज लिहिला. विद्यार्थ्यांची जात आणि आधार क्रमांक ग्रुपवर टाकण्याचा आदेश कोणाचा होता, त्याची प्रत तिने मागितली आहे. सोबत दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट. उत्तराची आम्ही वाट पाहतो आहोत. आलेच नाही, तर पहिल्या अपिलाचा मसुदा तयार आहे.

जय भीम.