बारावीनंतर जोधपूर: तिथली गर्मी वेगळी
नीट किंवा जेईईनंतर जोधपूरची एम्स किंवा आयआयटी मिळाली, की अम्मी-अब्बूंना पहिली काळजी थरच्या वाळवंटाची. मुलं म्हणतात, ‘बदलापुरात काय कमी गर्मी आहे?’ फरक तिथेच आहे.

आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, शर्ट चिकटतो, म्हणून पाणी आठवतं. जोधपूरच्या कोरड्या हवेत घाम येताच उडून जातो. अंग कोरडं, पण आतलं पाणी आणि मीठ संपत चाललेलं. म्हणून तहानेची वाट बघायची नाही. लघवी गडद पिवळी दिसली, की पाणी कमी पडतंय समजा. उन्हातून आलेला मुलगा बरळायला लागला तर होस्टेलवर झोपवून ठेवू नका, थेट दवाखाना. जोधपूरच्या उत्तरेकडच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेलेत, गंमत नाही.

आपल्याकडे फुसका ठरणारा कूलर तिथे उन्हाळ्यात मस्त चालतो, हवा कोरडी ना! रजईही द्याच, जानेवारीच्या रात्री गारठा असतो.

येती काही वर्षे रमजान हिवाळ्यात आहे, रोजा सोपा जाईल. मात्र बदलापूरचा सहरी-इफ्तारचा तक्ता देऊ नका. जोधपूर बरंच उत्तरेला, तिथे हिवाळ्यात सूर्य उशिरा उगवतो आणि आपल्याआधी मावळतो.